मामाने उचललेली कडी

आमच्या घराण्यात गाता न येणारा एकच माणूस जन्माला आला आणि सरकारने नेमकं त्यालाच पदक दिलं.

पदक अर्थात गाण्याचं नव्हतं, शौर्याचं होतं. माझा मामा नौदलात अधिकारी होता. जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली तेव्हा तो आत शिरला आणि बेशुद्ध पडलेल्या दोन खलाशांना ओढत वर घेऊन आला. डाव्या हातावर भाजल्याची खूण अजून आहे. दुसऱ्या कुठल्या घरात अशा माणसाचं किती कौतुक झालं असतं! आमच्याकडे पाहुणा आला की आधी माझ्या आईची ओळख, मग दोन्ही मावश्यांची, आणि चहाचे कप उचलताना कुणाला आठवलंच तर, "हा यांचा भाऊ, बोटीवर असतो." मामाला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "मी नौदलात गेलो तोच यासाठी. म्हटलं, भर समुद्रात तरी कुणी 'एक होऊन जाऊ द्या' म्हणणार नाही." तिथेही म्हणाले. बहिणी कोण आहेत हे कळल्यावर एका वरिष्ठाने पार्टीत आग्रह केला आणि मामा गायला. पुन्हा कधी कुणी आग्रह केला नाही. नौदलात शिस्त असते.

मामा किती बेसूर आहे हे लिहून सांगणं अवघड आहे. साधा बेसूर माणूस निदान सुराच्या आसपास फिरतो, चुकून कधी लागतोही. मामा एकाच सुरात सरळ चालत राहतो आणि मध्येच, मागून कुणी हाक मारल्यासारखा, उडी मारतो. आवाज मात्र दणदणीत, डेकवर वाऱ्यात हुकूम देऊन कमावलेला. आजोबा म्हणायचे, "देवानं गळा दिला, कान द्यायचा राहिला."

आजोबांची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आमचं गाव सुटलं ते त्यांच्यामुळे. आळेफाटा सोडून ओझरकडे निघालं की वाटेत जी गावं लागतात त्यातलं एक आमचं. नाव सांगत नाही, गावचे लोक वाचतात आणि मग फोन करतात. तिथल्या भैरोबाची चैत्रात यात्रा भरते. पालखी देवळातून निघण्याआधी आमच्या घरातल्या पुरुषाने एक कडी म्हणायची, असा मान. त्याला गावात 'कडी उचलणं' म्हणतात. कडी उचलल्याशिवाय पालखी उचलायची नाही. कडीही घरचीच, आजोबांच्या आजोबांनी रचलेली. 'ऊठ नाथा, वाट झाडली, गाव उभं दारी.' एकाने उचलायची, शेजारच्याने तीच झेलायची, आणि मग सगळ्या गावाने म्हणत पालखी खांद्यावर घ्यायची.

एका वर्षी गावातल्या एका हौशी माणसाने बॅटरीवरचा कर्णा भाड्याने आणला आणि देवळासमोरच्या लिंबाला बांधला. आजोबा म्हणाले, "देवाला ऐकू येतं. कर्णा बहिऱ्याला लागतो." तो माणूस म्हणाला, "आवो, तुमचा आवाज पार आळ्यापोत जाईल." आजोबा म्हणाले, "आळ्याच्या लोकांना त्यांचा देव आहे." शब्दाने शब्द वाढला. कर्णा खाली आला नाही आणि आजोबांनी कडी उचलली नाही. त्या वर्षी पालखी मुकीच निघाली. महिन्याभरात आजोबा बायकामुलं घेऊन बडोद्याला गेले, एका लांबच्या भावाच्या आधाराने. जाताना म्हणाले, "गाव बोलवायला आलं तरच या वेशीतून आत येईन." गाव म्हणालं, "येतील की चार दिसांत, जातात कुठं." रामाचा वनवास चौदा वर्षांत आटोपला. आमचा पन्नाशी ओलांडून गेला, तोही एका भाड्याच्या कर्ण्यावरून.

बडोद्यात आजोबांनी सगळा राग मुलींच्या गळ्यात ओतला. पहाटे उठवून गायला बसवायचे. गणपतीत तिघी बहिणी गायल्या, मग नवरात्रात, मग लग्नांत, मग रेडिओवर. मग कॅसेटी निघाल्या. पुढे परदेशातल्या मराठी मंडळांनी तिकिटं पाठवून बोलावलं. कर्ण्यापायी गाव सोडणाऱ्या माणसाच्या मुलींनी जन्मभर माईक हातात धरून पोट भरलं, आणि आजोबा प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, पण स्पीकरपासून लांब, चपलांपाशी बसायचे. ते गेले तेव्हा गावाने साधी चौकशीही केली नाही.

माझी आई तिघींत मोठी. गाव सुटलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, मामा तिच्याहून लहान, एक मावशी कडेवर आणि एक पोटात. त्यामुळे त्या कडीची चाल आजोबांनंतर घरात फक्त आईला ठाऊक होती, आणि पालखी तेव्हापासून दरवर्षी मुकीच निघत असल्याने गावातही ती विसरली गेली होती. मामाही तेव्हा कळता होता, पण त्याच्या कानाचं वर सांगितलंच आहे. आईने ती कडी कार्यक्रमात कधी म्हटली नाही. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी मागितली तरी दिली नाही. म्हणायची, "ती गायची नसते. ती पालखी उठवायला असते."

गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी, पौषात, आईच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण काढावी लागेल, आणि आवाजाची नस अगदी चिकटून जाते. आवाज तसाच राहील किंवा राहणार नाही. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चैत्रापर्यंत थांबता येईल?" डॉक्टरांना वाटलं, घरात लग्न असेल. रात्री मला पुण्याला फोन करून म्हणाली, "मला एकदा गावात बाबांची कडी म्हणायची आहे. या गळ्यानं." आमच्याकडे कुणी असं काही मागत नाही. आईने तर आयुष्यात स्वतःसाठी साडीसुद्धा मागितली नव्हती. मला रडू आलं आणि मग लगेच डोकं चालायला लागलं.

अडचण एकच. आजोबांच्या शब्दाप्रमाणे गावाने बोलवायला यायला हवं होतं, आणि गावाला तर आम्ही जिवंत आहोत की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी आळेफाट्यावरून जाताना यात्रा कमिटीचा फ्लेक्स पाहिला होता. त्यावर अध्यक्षांचा मोबाईल नंबर त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठा छापलेला होता. मी फोन लावला. आपण कोण ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बडोद्याच्या त्या तीन बहिणी मूळच्या तुमच्या गावच्या ना? शेजारच्या गावानं म्हणे त्यांना आपल्या यात्रेला नेऊन सत्कार करायचं ठरवलंय." पलीकडून आवाज आला, "त्यांचा काय संबंध? त्या आमच्या हायेत!" मी फोन ठेवला आणि आईला कळवलं, घरात दूध जास्त आणून ठेव.

चौथ्या दिवशी जीप बडोद्यात. पाच माणसं, टोमॅटोचे चार क्रेट, कांद्याचं पोतं आणि द्राक्षांची पेटी. मी आणि निवृत्तीनंतर पुण्यातच राहणारा मामा आदल्या दिवशीच पोचलो होतो. अध्यक्ष म्हणजे ज्या हौशी माणसाने कर्णा आणला होता त्याचाच मुलगा. बापाचा कर्णा भाड्याचा होता, याचा स्वतःचा साउंडचा धंदा आहे, आळेफाट्यावर गोडाऊन आहे. आत येऊन त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अक्का, आमच्या बापाचं चुकलं व्हतं. गाव बोलवाया आलंय. आता राग सोडा."

आईने पदर डोळ्यांना लावला. पन्नास वर्षं अडलेली गोष्ट माझ्या एका थापेने सुटली होती. मी मान खाली घालून चहा गाळत राहिले.

"फकस्त एक हाय," अध्यक्ष म्हणाला. "कडी घरातल्या पुरुषानं उचलायची. मग तुमी झेला. पुढं काय म्हनायचं ते म्हना."

"बाईनं उचलली तर?" धाकट्या मावशीने विचारलं.

"आमचं काय न्हाई वो ताई. पन देवाचं हाय."

"देवाला विचारलंत?"

"त्याला कोन इचारनार," अध्यक्ष प्रामाणिकपणे म्हणाला.

आता घरातला पुरुष म्हणजे मामा. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा ताठ बसला होता, जसा तो नेहमीच बसतो. तो स्वच्छ म्हणाला, "मला गाता येत नाही."

इथे मला आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे ज्याला खरंच गाता येतं तो कधीही लगेच गात नाही. "छे, मला कुठं येतंय", "घसा बसलाय राव", "आता काय राहिलं नाही पहिल्यासारखं", असं निदान तीनदा म्हटल्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे उथळपणा. पहिल्या आग्रहाला जो गातो तो हमखास रडका. जितका नकार पक्का तितका गवई मोठा. त्यामुळे मामाचं वाक्य ऐकताच पाचही माणसांचे चेहरे उजळले.

"वा," त्यातला एक म्हातारा म्हणाला.

"विनोद नाही करत मी," मामा म्हणाला. "मला सुरातलं काही कळत नाही. शाळेतल्या प्रार्थनेलासुद्धा मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे."

"बघा," अध्यक्ष बाकीच्यांना म्हणाला. "खानदानी मानूस. आसं न्हाई म्हनायला बी गळा लागतो."

"अहो, मी खरंच..."

"सायेब, बास. आमी समजलो."

मामाला राग आला. राग आला की त्याचा आवाज चढतो. त्याने शेवटचा नकार असा काही दिला की कप वाजले. म्हातारा खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, "आवाज बघा! बापाचाच!" जीप परत गावी पोचायच्या आधी गावात बातमी होती की बोटीवरचा मामा तिघी बहिणींपेक्षाही भारी गातो, पण कुणाला ऐकवत नाही. पुढच्या आठवड्यात आळेफाट्याच्या चौकात फ्लेक्स लागला. मामाचा गणवेशातला फोटो, छातीवर पदक, आणि खाली 'शौर्यपदक विजेते, सुप्रसिद्ध गायक'. आई आणि मावश्या कोपऱ्यात, अध्यक्षाच्या पुतण्याच्या शेजारी.

मामाने मला फ्लेक्सचा फोटो दाखवून विचारलं, "हे बदनामीत बसतं का?"

मी म्हटलं, "मामा, तुझ्यापेक्षा गाण्याची होते आहे."

मामाला नाही म्हणणं शक्य होतं. आगीत शिरलेला माणूस, पाच गावकऱ्यांना काय घाबरणार? पण आईने त्याला गाठीचं सांगितलं होतं. तो गच्चीत जाऊन बराच वेळ उभा राहिला आणि खाली येऊन म्हणाला, "शिकव. एकच ओळ आहे ना? सिग्नलची आख्खी पुस्तकं पाठ केली आहेत मी."

आई महिनाभर माझ्याकडे पुण्याला येऊन राहिली. रोज संध्याकाळी मामा यायचा, हातपाय धुऊन, शर्ट खोचून, परीक्षेला बसल्यासारखा. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत होते. आईने हळू, अगदी ओठांतल्या ओठांत, 'ऊठ नाथा' म्हटलं. मामाने 'ऊठ नाथा' असं म्हटलं की नाथ खरंच दचकून उठला असता. मी हसले. मामा म्हणाला, "हिला बाहेर काढ." त्यानंतर मला दाराबाहेरची जागा. आईचा बारीक आवाज सुरू व्हायचा आणि लगेच मामाचा त्यावर यायचा, त्यामुळे खरी चाल मला कधीच नीट ऐकू आली नाही. मामाची मात्र पाठ झाली. 'वाट झाडली' इथपर्यंत तो सरळ एका रेषेत यायचा, 'गाव'वर उडी मारायचा, आणि 'दारी' तिथेच वर सोडून द्यायचा, जणू गाव दारी उभं आहे की नाही हे त्यालाच विचारायचं आहे. आई सांगायची, "अरे, दारी खाली आणायचं. पाण्याची घागर डोक्यावरून हळू उतरवतो ना, तसं." मामा म्हणायचा, "उतरवली की." खालच्या मजल्यावरचे जोशी वर येऊन विचारून गेले, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

तिसऱ्या आठवड्यात आईने आशा सोडली आणि मी डाव रचला. यात्रेला अध्यक्षाचा साउंड असणारच. मामापुढे माईक असेल, पण तो बंद. मागे उभ्या राहिलेल्या आईच्या हातात दुसरा, चालू. मामाने तोंड हलवायचं, आईने उचलायचं. भोंग्यातून बायकी आवाज आला तरी गर्दीत कोण बघतंय, वर थोडा बेस वाढवून द्यायचा. मी आळेफाट्याला जाऊन मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, लग्नात आमी हेच करतो." मामाला हे पटलं नाही, पण आईला बाबांची चाल म्हणायला मिळणार म्हटल्यावर तो गप्प बसला. आई दोन दिवस खूश होती. गरम पाणी प्यायची, कुणाशी फार बोलायची नाही.

यात्रेच्या दिवशी आम्ही वेशीतून आत गेलो तेव्हा बायकांनी आईच्या पायांवर पाणी घातलं. तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं, पण तिला देऊळ ओळखू आलं, लिंब ओळखू आला. लिंबावर आता चार बाजूंना चार मोठे स्पीकर होते. मामाला फेटा बांधला. पोरं त्याच्याभोवती जमली. उसात रोज बिबटे पाहणाऱ्या एकाने विचारलं, "बोटीत बिबट्या शिरला तर काय करत्यात?" मामाने त्यालाही गंभीरपणे उत्तर दिलं. गावातले एक आजोबा पुढे होऊन हळूच म्हणाले, "कडी लई जपून ठेवली राव तुमी." मामा म्हणाला, "मला खरंच येत नाही हो." त्यांनी आदराने हात जोडले.

दिवस कलला. पालखी सजली, खांदेकरी वाकून उभे राहिले. मी मशीनपाशी जाऊन ऑपरेटरला खूण केली, त्याने अंगठा दाखवला. मामा पालखीच्या दांडीजवळ उभा राहिला, आई त्याच्या मागे, पदरात माईक. तेवढ्यात अध्यक्ष ओट्यावर चढला आणि त्याने स्वतःचा माईक हातात घेतला.

"मंडळी," तो म्हणाला, आणि त्याला भरूनच आलं. "कर्ण्यापायी हे घरानं आपन गमावलं. माझ्या बापानं लावलेला कर्णा आज मी माझ्या हातानं बंद करनार हाय. सायबांच्या वडलांच्या मानासाठी पहिली कडी बिगर स्पीकर!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्ष खाली उतरला, सरळ आमच्या मशीनपाशी आला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. सगळं गाव इतकं शांत झालं की खांदेकऱ्यांच्या पायातले घुंगरूसुद्धा वाजेनात.

मामाने एकदा मागे वळून आईकडे पाहिलं. मग छाती भरून घेतली आणि उचलली.

काय सांगू. महिनाभराची मेहनत कुठे गेली कळलं नाही. पट्टी लागली नाही, पहिल्या शब्दापासूनच नाही. 'ऊठ नाथा, वाट झाडली' त्याने जहाज किनाऱ्याला लावायच्या हुकमासारखं सरळ सोडलं. 'गाव'वर उडी मारली, नेहमीपेक्षाही उंच. आणि 'दारी' तिथेच वर टांगून थांबला. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याची बोटं हवेतच राहिली. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी कुणीतरी हसणार होतं आणि मग सगळं गाव हसणार होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आता झेलायची होती ती आईने. झेलणारा कडी म्हणतो तीच चाल पुढे गाव धरतं. एकदाच. पुन्हा संधी नाही. आईला आजोबांची चाल म्हणता आली असती. तिथे, त्या देवापुढे, त्या गळ्याने, जे तिने आयुष्यात एकदाच मागितलं होतं. पण ती म्हटली असती तर शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांना ऐकू आलं असतं की मामाने काय केलंय. मामा दांडी घट्ट धरून उभा होता. भाजलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती आणि मानेवर घाम होता. असं भ्यालेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आईने तोंड उघडलं आणि मामाचीच चाल झेलली. त्याच्याच पट्टीत, सरळ. 'गाव'ची उडी तशीच ठेवली, पण तिच्या गळ्यातून ती उडी वाटली नाही, हाक वाटली. आणि 'दारी' मामाने वर सोडलं होतं तिथेच तिने धरून ठेवलं. धरलं आणि धरलंच. हलवलं नाही, उतरवलं नाही. तिचा तसा आवाज मी कुठल्या कॅसेटमध्ये ऐकला नाही. मग गाव ओरडून उठलं आणि तीच चाल म्हणत पालखी खांद्यावर गेली.

रात्री जेवणं झाल्यावर अध्यक्ष सगळ्यांना सांगत होता, "जुन्या चाली आशाच आसतात. आपल्याला वाटतं चुकली, पन तसं नसतं." मामाला हात जोडणारे ते गावातले आजोबा डोळे पुसत म्हणाले, "मी ल्हान व्हतो तवा हीच आयकली. हीच." त्यांना ऐकू जरा कमीच येतं. मंडळाच्या पेटीवाल्याने चाल लिहून घेतली.

परतताना गाडीत मामा पुढे बसला होता. तो इतका खूश होता की फेटा अजून उतरवला नव्हता. मागे वळून म्हणाला, "अक्का, बरोबर आली ना? खरं सांग."

"अगदी बाबांसारखी," आई म्हणाली.

मला तिचा राग आला. तो अजून गेलेला नाही. मामा झोपल्यावर मी तिला विचारलं, "तुझी राहिली ना म्हणायची?" ती म्हणाली, "झेलणाऱ्यानं झेलायची असते गं. एवढंच काम असतं." आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वैशाखात पुण्यातच ऑपरेशन झालं. काही दिवस बोलायला बंदी होती. मामा रोज दवाखान्यात यायचा आणि तिचं मन रमावं म्हणून हळू आवाजात कडी म्हणायचा. मामाचा हळू आवाज म्हणजे काय ते बाजूच्या वॉर्डाला विचारा. नर्सने दोनदा बाहेर काढलं. पुढे आईला आवाज आला, पण जाडा, घोगरा, आणि वरचे सूर गेलेच. कार्यक्रम बंद झाले. तिने त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही, पण पहाटे उठून तंबोरा नुसताच पुसून ठेवायची.

यंदाच्या चैत्रात गावाच्या मंडळाने यात्रेआधीच्या सरावाचा व्हिडिओ मोबाईलवर पाठवला. तीस-चाळीस माणसं मामाची चाल म्हणत होती, उडीसकट, एकदिलाने, आणि 'दारी' सगळ्यांनी मिळून वर टांगलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आमची परंपरागत चाल'. मी फोन समोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आईला म्हटलं, "आता तू आजोबांची म्हण. खाली म्हण, कशीही म्हण. मला शिकव. तुझ्यानंतर ती कुणालाच येणार नाही."

ती नाही म्हणाली. मी आग्रह केला. दुसऱ्यांदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदाही. मला वाटलं, आता म्हणेल, तीनदा झालं. तर ती म्हणाली, "ती तुला शिकवली की तू कुणाला तरी ऐकवशील. आणि मग एक दिवस कुणीतरी त्याला सांगेल की तू चुकला होतास."

मग मलाच म्हणाली, मामाला फोन लाव. मामाने उचलला. तिने त्या घोगऱ्या आवाजात सांगितलं की व्हिडिओ पाहिला, गाव छान म्हणतंय, आणि मीही बसल्या बसल्या म्हणून बघते. तिने कडी सुरू केली. सरळ आली, 'गाव'ला उडीही घेतली, पण 'दारी'ला तिचा गळा सवयीने हळूहळू खाली उतरू लागला, आणि तेवढ्यात फोनमधून मामा ओरडला, "अक्का, अक्का, थांब! दारी खाली नाही आणायचं. वर ठेवायचं. विसरलीस का?"

"हो रे," आई म्हणाली. "चुकलंच माझं." आणि तिने ते पुन्हा वर नेलं.